जॅकवेलचा नंबर चाळीस

मंगळवार, २० जुलै १९९९, पेण. त्या दिवशीचं काम सोपं होतं. यादीतला एकेक नंबर फिरवायचा, पलीकडे कोणी उचलला की कोण बोलतंय ते विचारायचं, आणि उचलला तरच पेन्सिलीनं टिक मारायची.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आमच्या रामवाडीत कुणाच्या अंगात आलं की मी आधी विचारायची, हा जेवलाय का? बहुतेकदा जेवलेला नसायचा. या सदरातले अनुभव मी वाचते, पण वाचताना मनात म्हणते, ह्याचं काहीतरी साधं कारण असणार. माझ्या अनुभवाचंही साधं कारण असेल. इतकी वर्षं शोधतेय, मला सापडलेलं नाही. म्हणून लिहिते.

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची. एका केमिकल कंपनीच्या पेणच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर. कारखाना रोह्याजवळ धाटावला, आणि माल पाठवण्याचं ऑफिस नि गोडाऊन पेणला, रामवाडीत हायवेला लागून. दोन्हीकडचे फोन एकमेकांना जोडणारा जुना बोर्ड मी अठरा वर्षं सांभाळला. मग कंपनीनं तो काढून दोन्हीकडे एकेक गेटवे बसवला. म्हणजे काय, तर बोलणं बारीक तुकड्यांत कापून, इंटरनेटवर माहिती जाते त्या पद्धतीनं, कंपनीच्या स्वतःच्या लीज लाइनवरून पलीकडे पाठवणारी पेटी. पलीकडची पेटी ते तुकडे जोडून पुन्हा आवाज करते. व्हीसीआरएवढीच असते. मागे फोनच्या वायरी खोचायला भोकं.

पण पेटीला अक्कल नसते. कुठला नंबर फिरवला की कुठे पाठवायचं, हे प्रत्येकाचं तिला लिहून द्यावं लागतं. पोस्टात पत्रं खणांत टाकतात तसं. तीनने सुरू होणारा नंबर आला, तर धाटावकडे पाठव. धाटावच्या पेटीत – एकतीस आला तर पहिल्या भोकात, म्हणजे गेटवर. बत्तीस आला तर दुसऱ्या भोकात, म्हणजे लॅबमध्ये. ज्या नंबराची ओळ लिहिलेली नाही, तो पेटीच्या दृष्टीनं जगात नाहीच. टूं टूं टूं वाजतं, संपलं. आणि ओळी लिहून झाल्यावर सेव्ह करावं लागतं, नाहीतर लाइट गेली की सगळं पुसतं.

मुंबईहून इंजिनियर आला, दोन दिवस राहिला, दोन ओळी लिहून दाखवल्या आणि म्हणाला, "बाकीच्या तुम्ही करून घ्या, मॅडम, सोपं आहे." सोपं होतंच. टाइम ऑफिसनं टाइप केलेली टेलिफोन नंबरांची यादी समोर ठेवली आणि एकेक ओळ लिहीत गेले. सोमवारी संध्याकाळी जुना बोर्ड बंद केला. मंगळवारी दुपारी बारापर्यंत यादीतल्या सगळ्या नंबरांसमोर टिक होती. मला स्वतःचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता माझा भाऊ. जनार्दन, आम्ही जना म्हणतो. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मी लग्न केलं नाही. आई गेल्यावर त्याला मी वाढवला, त्याचं लग्न मी केलं, आणि त्याच्या आणि सुनंदाच्या संसारातच राहते. धाटावला त्याला मीच चिकटवला. तो जॅकवेलवर पंप ऑपरेटर होता. जॅकवेल म्हणजे नदीच्या पात्रात बांधलेली गोल विहीर, वर मोटरची खोली, आणि काठापासून तिथपर्यंत जायला एक अरुंद लोखंडी पूल. कुंडलिकेचं पाणी तिथून उचलून दोन किलोमीटरवर कारखान्याला जातं. माणूस एकटाच असतो.

जॅकवेलचा एक नियम होता – रिलिव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. आदल्या वर्षी पावसात जना रिलिव्हर न येताच निघून आला होता. बॉयलरला पाणी कमी पडलं आणि ह्याला मेमो मिळाला. मी त्याला आठवडाभर बोलले होते. त्या मंगळवारी पहाटे पाच वाजता तो पहिल्या शिफ्टला निघाला, तेव्हाही बोलले.

"पाऊस हाय, बाय," तो दारात म्हणाला. "रिलिव्हर यायचा नाय आज."

"नाही आला तर बसून राहा. पुन्हा मेमो आणलास तर घरात घेणार नाही."

"आणि पूर आला तं?"

"पूर दर वर्षी येतो. आणि हा डबा नवीन आहे, तीन पुडांचा. मागचा तिथंच विसरून आलास. हा हरवलास तर पुढं केळीच्या पानात नेशील."

तो हसला. सुनंदानं आतून विचारलं, "येताना मासे आणाल का?" तो म्हणाला, "नंबर फिरवून बुकिंग कर." आमच्या घरातला हा जुना विनोद. तो पुढे लागणार आहे, म्हणून सांगून ठेवते.

जॅकवेलचा नंबर होता चाळीस. आणि तो टाइम ऑफिसच्या यादीत नव्हता. खूप वर्षांपूर्वी जॅकवेलवरचे लोक ड्यूटीत गळ टाकून बसायचे. मरळ चांगली मिळायची. मग कारखान्यातले साहेब लोक सकाळपासून चाळीस फिरवायचे – माझ्यासाठी दोन ठेव, माझ्यासाठी तीन ठेव. फोन सारखा गुंतलेला. तेव्हाचे वर्क्स मॅनेजर वैतागले आणि त्यांनी चाळीस नंबर यादीतून काढून टाकायला लावला. नवीन येणाऱ्या साहेबाला तो कळू नये म्हणून. ते मॅनेजर गेले, मासे कमी झाले, यादी दर वर्षी नव्यानं टाइप होत राहिली, पण चाळीस तिच्यात परत आला नाही. गरजच नव्हती, सगळ्यांना पाठ होता. मलाही. जुन्या बोर्डावर मी तो दिवसातून दहा वेळा लावायची. माझ्या बोटांना तो माहीत होता.

पण गेटवेच्या ओळी मी बोटांवरून लिहिल्या नव्हत्या. यादीवरून लिहिल्या होत्या.

हे मला कळलं दुपारी पावणेतीनला.

त्याआधी पाच मिनिटं आमच्या टँकरचा ड्रायव्हर इस्माईल याचा कोलाडहून फोन आला. कोलाड नदीच्या वरच्या अंगाला, रोह्याच्या आधी.

"बाई, पीसीओतून बोलतोय. कोलाडला पाणी रस्त्याला लागलंय. पंधरा वर्षं या रोडला हाय मी, असं पाणी नाय बघितलं. झाडं येतायत, अख्खी. धाटावला सांगा. रोह्याला फोन लागतच नाय."

"किती वेळात पोचेल?"

"तास धरा. त्याच्यावर नाय."

बाहेरचे फोन रोह्याला लागत नव्हते, पण आमची लीज लाइन चालू होती. मी एकतीस फिरवला. गेटवरचे शेडगे हवालदार आले. शांत माणूस, कुठल्याही बातमीला "बरं" म्हणणारा.

"शेडगे, वरून मोठं पाणी येतंय. तासाभरात. जॅकवेलवरच्या माणसाला काठावर घ्या."

"बरं," ते म्हणाले. मग पुढे बोलले, "मॅडम, जॅकवेलचा फोन कालपासून लागत नाय. आमाला वाटलं पावसानं मेला. पावसात मरतोच तो. नवीन मशीनमधी एक वायर मोकळी ठेवलीय बगा, रबर लावून. तुमच्या मुंबईच्या मानसानं सांगितलं, ही यादीत नाय, राहू द्या."

  मी समोरची यादी ओढून वरपासून खालपर्यंत वाचली. चाळीस नव्हता.

"माणूस पाठवा. आत्ता."

"दोघं गेलेले, मॅडम, दोन वाजता, रिलिव्हर येनार नाय ते सांगायला. मधल्या नाल्याला कमरेइतकं पाणी, परत आले. जनाच हाय ना तिथं?"

"हो."

"बरं," ते म्हणाले, पण ह्या वेळी हळू. "भोंगा वाजवू?"

"भोंगा रोज तीनला वाजतोच. त्याला वाटेल शिफ्ट सुटली. रिलिव्हर नाही म्हणून तो बसूनच राहील." आणि का बसून राहील ते मला माहीत होतं. मी सांगितलं होतं म्हणून.

काम दोन ओळींचं होतं. एक ओळ पेणच्या पेटीत – चाळीस आला तर धाटावकडे पाठव. ती मी शेडग्यांशी बोलता बोलता लिहिली, मिनिटही लागलं नाही. दुसरी धाटावच्या पेटीत – चाळीस आला तर नवव्या, म्हणजे पहिल्या रिकाम्या भोकात पाठव. त्यासाठी इथल्या कॉम्प्युटरवरून लीज लाइनमधून तिकडच्या पेटीत शिरावं लागतं. आणि ती मोकळी वायर नवव्या भोकात कोणीतरी खोचावी लागते.

"शेडगे, त्या वायरचं रबर काढा आणि..."

आवाज तुटला. लीज लाइनच्या मोडेमचा हिरवा दिवा लाल झाला होता.

त्यानंतरचा तास मला कधी कधी अजून स्वप्नात येतो. त्यात भूत वगैरे काही नसतं, तो लाल दिवा असतो. तो मधेच हिरवा व्हायचा, दहा सेकंद, वीस सेकंद. मी पासवर्ड टाइप करायची, आत शिरायची, अर्धी ओळ लिहायची, पडदा थिजायचा. पुन्हा. पुन्हा. एकदा पूर्ण ओळ लिहिली आणि एंटर मारायच्या आत लाइन गेली. तीन पंचवीसला दिवा लाल झाला तो झालाच. नंतर कळलं, त्याच वेळी धाटावची लाइट गेली होती.

ऑफिसात माझ्याशिवाय एकटे ठाकूरकाका होते, आमचे स्टोअरकीपर. दोन वर्षांनी रिटायर होणारे, गुडघे दुखणारे. त्यांना मी सांगितलं, तुम्ही स्टेशनवर जा. रेल्वेचा त्यांचा स्वतःचा फोन असतो, मास्तरांना विनवा, रोह्याला निरोप द्या.

"पाटीलबाई, रोहा स्टेशन कुठं, धाटाव कुठं..."

"माहीत आहे. जा."

ते त्या पावसात सायकलवर गेले. हे मी त्यांचं कधी विसरणार नाही.

मी एसटीडीवर रोह्याचे जेवढे नंबर माहीत होते तेवढे फिरवले. डेपो, पोलीस, धाटावच्या इतर कंपन्या, आमच्या एका डॉक्टरांचा दवाखाना. एकही लागला नाही. मधेच सुनंदाचा विचार आला. आमच्या घरी फोन नव्हता, तिला काहीच माहीत नव्हतं. ती आता तांदूळ निवडत असेल. संध्याकाळी मी घरी जाऊन तिला काय सांगणार होते? यादीत नव्हता म्हणून? तुझा नवरा यादीत नव्हता, म्हणून मी त्याला लिहिला नाही?

चारला पाच कमी असतील. इस्माईलनं दिलेला तास उलटून गेला होता. माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी माझा फोन उचलला आणि चाळीस फिरवला. का, ते विचारू नका. लाल दिवा समोर दिसत होता. टूं टूं टूं वाजलं. तो आवाज ऐकत मी बोलले. मोठ्यानं बोलले.

"जना, मोटर बंद कर आणि ऊठ. रिलिव्हरची वाट बघू नको. मी सांगते म्हणून ऊठ. चपला शोधत बसू नको. डबा राहू दे. ऐकतोस का? डबा राहू दे तिथंच."

दारातून कोणीतरी म्हणालं, "कुणाचा डबा?"

ठाकूरकाका परत आले होते, नखशिखांत भिजलेले. मी रिसीव्हर ठेवला.

"कुणाचा नाही. काय झालं?"

"मास्तरांनी निरोप दिला. मानूस पाठवतो म्हनाले. पन तुमाला खरं सांगू, धाटाव काय स्टेशनच्या दारात नाय." ते टेबलाशी बसले. रुमाल पिळला. "कुनाशी बोलत होता? लागला?"

"नाही लागला."

 त्यांनी घड्याळाकडे बघितलं. चार वाजायला तीन मिनिटं होती, असं त्यांनी मला पुढे कितीदा तरी सांगितलं.

साडेपाचपर्यंत मी लाल दिव्यासमोर बसले. मग उठले, रेनकोट घातला आणि स्टेशनवर निघाले. रोह्याला जाणारी गाडी पकडायची, रूळ चालू असतील तिथपर्यंत जायचं, पुढे चालत. रिक्षा बाजारात अडकली. मूर्तींच्या एका कारखान्याबाहेर गणपती टेंपोत चढवत होते, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, अजून डोळे न रंगवलेले. माझ्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला तर मूर्ती धरलेला माणूस म्हणाला, "थांब ना भाऊ, देव हाय." मी उतरले आणि चालत गेले. पळत गेले, असं ठाकूरकाका म्हणतात. ते मागून येत होते.

रोह्याकडून येणारी गाडी आधी आली. दीड तास उशिरा. लोक उतरले, धाटावचे कामगार बरेच होते. एकाला विचारलं, जॅकवेल? तो म्हणाला, "जॅकवेल नाय राहिली, ताई. पूल गेला. मोटरच्या खोलीच्या छतावरून पानी चाललंय."

मी तिथंच खाली बसले. ओल्या फलाटावर. ठाकूरकाका शेजारी उभे राहिले.

शेवटच्या डब्यातून जना उतरला. अनवाणी. अंगात कुणाचातरी निळा शर्ट, बाह्या कोपरापर्यंतच येणाऱ्या. माझ्याकडे बघून म्हणाला, "चहा पाज गो बाय."

मी उठून आधी त्याला एक थप्पड मारली. मग स्टॉलवर नेलं. तिघांनी चहा घेतला.

"कसा निघालास?" मी विचारलं.

"म्हंजे?" तो म्हणाला. "तूच तं फोन केलास."

 ठाकूरकाकांनी कप खाली ठेवला.

"साडेतीनच्या आसपास लाइट गेली," जना सांगायला लागला. "मोटर बंद. एकदम गप्प झालं सगळं, नुसता पाण्याचा आवाज. मला वाटलं येईल लाइट. बसलो. खिडकीतनं वरचं पाणी दिसत नाय, तुला माहीत हाय. मंग फोन वाजला. कालपासून मेलेला, म्हटलं झाला वाटतं दुरुस्त. उचलला तं तू. अशी वरडत होतीस... मोटर बंद कर म्हणालीस. आता मोटर तं बंदच होती. मी म्हटलं, अगो बंदच हाय, तं तू ऐकतच नाय. आपलं चालूच. चपला शोधू नको, डबा राहू दे."

"आणि तू उठलास."

"तुझ्या तोंडून डबा राहू दे, असं मी जल्मात ऐकलं नाय. म्हटलं भलतंच कायतरी हाय. उठलो तसा पळालो. पुलावर पाणी गुडघ्याला होतं. वर चढलो आणि आदिवासी वाडीत पोचतोय नाय तं मागनं कडाड... बघितलं तं पूल नाय. धा मिनिटं झाली नसतील." त्यानं चहाचा घोट घेतला. "तिथल्या एका बाईनं कोरा चहा दिला. शर्ट तिच्या भावाचा हाय, परत द्यायचाय."

"वेळ काय होती?" ठाकूरकाकांनी विचारलं. "फोन आला तेवा?"

"चारला थोडं कमी. घड्याळ समोरच की. का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाचे पैसे दिले आणि आम्ही घरी गेलो. सुनंदानं दार उघडलं, त्याच्या अंगातला शर्ट बघितला, पाय बघितले आणि म्हणाली, "डबा?"

"बायनं ठेवायला सांगितला," जना म्हणाला.

तेव्हा कुठे मी रडले. तेही मोरीत, नळ सोडून.

आता कारणं. सगळी करून झाली आहेत, कोणी नवीन सांगितलं तर ऐकेन. जनाला भास झाला, असं धरलं. भीतीनं माणसाला आपल्या माणसाचे आवाज ऐकू येतात. पण तो घाबरलेला नव्हता, लाइटची वाट बघत बसला होता. आणि भासातल्या बहिणीला लाइट गेलेली कळली असती, कारण त्याला स्वतःला ती कळलेली होती. त्यानं ऐकलेल्या बाईला ती माहीत नव्हती, ती बंद पडलेली मोटर बंद करायला सांगत होती. तिला फक्त मला माहीत असलेलं माहीत होतं, आणि मी जिथं चुकले होते तिथं तीही चुकली. वीज कडाडली की वायरीत करंट येऊन फोनची घंटा वाजते, हे खरं आहे, मी पाहिलंय. घंटा वाजेल. पण करंट "डबा राहू दे" म्हणत नाही. माझं बोलणं ऑफिसात ठाकूरकाकांनी ऐकलं होतं, आणि स्टेशनवर जनानं सांगायच्या आधी ते एकमेकांशी बोललेले नव्हते. मुंबईच्या इंजिनियरला मी पुढे सगळं लिहून पाठवलं. त्यानं उत्तर दिलं, मॅडम, हे शक्य नाही. ते मलाही माहीत होतं.

घरात हा विषय निघत नाही. जना म्हणतो, तू फोन केलास, मी आलो, त्यात काय. त्याच्यासाठी ते तेवढंच आहे. त्याला मी कधीच पूर्ण सांगितलं नाही की फोन लागला नव्हता. आता हे वाचून कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस ओसरला होता. पहिल्या एसटीनं मी धाटावला गेले. शेडगे गेटवरच होते, रात्रभर घरी गेलेच नव्हते. त्यांनी मला गेटवेच्या खोलीत नेलं. लाइट पहाटे आली होती. यूपीएस कधीचा संपून पेटी बंद पडलेली होती. जॅकवेलच्या फोनला वाजण्यापुरती वीजसुद्धा ह्या पेटीतूनच जाते, दुसरीकडून नाही. मी ती सुरू केली आणि ओळी वाचल्या. चाळीसची ओळ नव्हती. मागे वाकून बघितलं. नववं भोक रिकामं. जॅकवेलची वायर कडेला लोंबत होती, वर गुंडाळलेलं रबर जसंच्या तसं.

"तुमी सांगत व्हता तवाच लाइन तुटली," शेडगे म्हणाले. "कुठल्या भोकात ते कळलं नाय. म्हून हात नाय लावला."

मी रबर काढलं. वायर नवव्या भोकात खोचली. बसून ओळ लिहिली – चाळीस आला तर नऊ. सेव्ह केलं. दुसऱ्यांदा सेव्ह केलं.

"मॅडम," शेडगे म्हणाले, "पलीकडं फोन नाय आता. नदीत गेला."

"माहीत आहे."

मग मी भिंतीवरची छापील यादी काढली आणि तिच्या तळाशी पेनानं लिहिलं: ४०, जॅकवेल. यादीत आलेला नंबर तपासायचा असतो, म्हणून गेटवरच्या फोनवरून तो फिरवला. ह्या वेळी टूं टूं आलं नाही. रिंग जात होती, स्वच्छ, जशी जायला हवी तशी. दहा वेळा वाजू दिली. मग ठेवला.

कोणी उचलला नाही, म्हणून टिक मारली नाही.